पकडला गेलेला वैमानिक वीर कसा? मुलाच्या प्रश्नाला उत्तर हवंय

संगम_माहुली (सातारा)

नमस्कार मंडळी. माझा मुलगा नववीत आहे. १६ डिसेंबरला विजय दिवसानिमित्त शाळेत भाषणं आहेत, प्रत्येकाला दहा मिनिटं. त्यानं ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर हा विषय घेतलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये ते पुण्याजवळ गेले, तेव्हाची बातमी त्यानं कापून वहीत चिकटवली होती. १९७१ च्या युद्धात विमान पडून ते पाकिस्तानच्या कैदेत गेले आणि रावळपिंडीच्या छावणीतून भिंत फोडून पळाले, एवढं त्या कात्रणात होतं. तेवढ्यावर तो महिनाभर खूश होता.

परवा एका मोठ्या माणसानं त्याला सांगितलं, "अरे, पकडला गेलेला कशाला घेतोस? पळाला तोही परत सापडलाच ना? एखादा परमवीर घे." पोरगं घरी आलं, दप्तर टाकलं आणि जेवताना एक शब्द बोललं नाही. रात्री मला म्हणाला, "आई, सापडला म्हणजे हरला का?" थोड्या वेळानं परत, "शेवटी त्यांनी पाकिस्तानच्याच अधिकाऱ्याला फोन का लावला?"

मला दोन्हींचं उत्तर देता आलं नाही. घरात फौजेतलं कुणी नाही. त्यानं विषय बदलू नये असं मला फार वाटतं, पण नुसतं "तू घे रे" म्हणून त्याचं समाधान होणार नाही. जाणकारांनी सविस्तर सांगावं. ऐकीव नको, खात्रीचं असेल तेवढंच सांगा, कारण समोर प्रश्न विचारणारे बसलेले असतील.

कास_रोड

ताई, विषय अजिबात बदलू देऊ नका. त्याला फ्लाइट लेफ्टनंट करिअप्पांचं सांगा. २२ सप्टेंबर १९६५, युद्धबंदीच्या आदल्या दिवशी त्यांचं हंटर विमान पडलं आणि ते पाकिस्तानच्या हाती लागले. वडील निवृत्त सरसेनापती करिअप्पा. पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान फाळणीआधी त्यांच्याच हाताखाली नोकरी केलेले. पोराची वेगळी बडदास्त ठेवायची तयारी तिकडून दाखवली गेली, तर बापानं कळवलं की सगळेच कैदी माझी मुलं आहेत, सगळ्यांना सारखंच वागवा. या बापलेकाला कुणी हरलेलं म्हणेल का?

फिटर_तासगाव

ताई, तुमचं लिहिलेलं काल संध्याकाळी वाचलं आणि आज पहाटे उठून लिहायला बसलोय. मी हवाईदलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो. एकाहत्तरला पंजाबात सुखोई-७ वर होतो. पारुळकर साहेबांच्या स्क्वाड्रनला नव्हतो, त्यांची माझी भेट कधी झाली नाही. पण ते ज्या विमानात बसून गेले, तसली विमानं रोज हातानं पुसलीत, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो.

पोराला आधी ते विमान कळू द्या. सुखोई-७ आपल्याकडं १९६८ ला आलं. एका इंजिनाचं, रशियन, लोखंडी पाईपसारखं गोल आणि भलतं दणकट. पंखांच्या मुळाशी ३० मिलिमीटरच्या दोन तोफा. तेल इतकं प्यायचं की पोटाखाली जादा टाक्या लावल्याशिवाय लांब जाताच यायचं नाही, आणि त्या टाक्या लावल्या की बाँबला जागा कमी. उतरायचं सुसाट, मग शेपटीतनं छत्री सोडून वेग मारायचा. ती छत्री गोळा करायची, झाडायची, घडी घालून परत कोंबायची, हे आमचं काम. काम काय होतं या विमानाचं? जमिनीलगत जाऊन रणगाडे, गाड्या, रेल्वे यार्ड फोडायचं. म्हणजे खालच्या प्रत्येक तोफेच्या टप्प्यात जायचं. वर आभाळात विमानाविरुद्ध विमान लढतं ते चित्रात छान दिसतं, पण एकाहत्तरला आमची बरीचशी विमानं जमिनीवरच्या गोळ्यांनी पडली. पारुळकर साहेबांचंही १० डिसेंबरला तसंच पडलं. त्याला सांगा की 'पकडला गेला' याच्या आधी हे असतं. पकडला तोच जातो, जो पलीकडं जाऊन खाली उतरतो.

आणि ते काही पहिल्यांदा जखमी झाले नव्हते. पासष्टच्या लढाईत ते हंटर चालवायचे. तिथं खालून आलेली गोळी त्यांच्या उजव्या खांद्याला लागली. तुकडीच्या म्होरक्या वैमानिकानं रेडिओवरून सुचवलं होतं की विमान सोडून उडी मार. त्यांनी उडी मारली नाही. तसल्या खांद्यानं फुटकं विमान तळावर आणून उतरवलं. त्याबद्दल वायुसेना पदक मिळालं. म्हणजे विमान परत आणणं शक्य असतं तेव्हा हा माणूस काय करतो, ते सहा वर्षं आधीच सिद्ध झालेलं होतं. एकाहत्तरला उडी मारली ती दुसरा मार्ग नव्हता म्हणून.

उडी म्हणजे खुर्चीसकट बाहेर फेकलं जाणं. खुर्चीखाली स्फोटक दारू भरलेली असते. झटका एवढा असतो की मणके दबतात. त्याच छावणीतले स्क्वाड्रन लीडर जाफा यांचा कणा दुखावला होता, छातीपाठीला प्लॅस्टर घालून पडले होते. विमान सुटायच्या आधी आम्ही शिडीवर चढून वैमानिकाचे पट्टे आवळायचो, मग खुर्चीच्या सुरक्षेच्या पिना काढून, लाल फडकी लोंबणाऱ्या त्या पिना त्याच्या डोळ्यासमोर धरायचो. तो मोजायचा, मान हलवायचा. मग आम्ही खाली. एका संध्याकाळी आमच्या एका विमानाची शिडी तशीच उभी राहिली, चाकाखालच्या ठोकळ्यांजवळ. कुणी ती हलवायला तयार नव्हतं. त्या पिना माझ्या खिशात होत्या. "पडला" आणि "पकडला" यातला फरक तेव्हा आम्हाला फार मोठा वाटायचा ताई. पकडला म्हणजे जिता आहे. आम्ही देवाजवळ तेवढंच मागायचो.

आता कैदेतलं. पश्चिम आघाडीवर पकडलेले आपले बारा वैमानिक रावळपिंडीच्या छावणीत होते. सुरवातीला सगळे एकटे एकटे कोठडीत. चौकशी चालायची. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणं कैद्यानं नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख एवढंच सांगायचं असतं. २५ डिसेंबरला, नाताळाच्या दिवशी, छावणीच्या प्रमुखानं केक आणला, आणि तेव्हा हे सगळे पहिल्यांदा एकत्र बसले. आपल्यासोबत कोण कोण जिवंत आहे ते तिथं कळलं. त्यात फ्लाइट लेफ्टनंट भार्गव होते. ते राजस्थानच्या पलीकडं वाळवंटात पडले होते. त्यांनी मी पाकिस्तानीच वैमानिक आहे असं सांगून गावकऱ्यांना झुलवलं होतं, आणि कलमा म्हणायला सांगितल्यावर अडकले.

पारुळकर साहेबांच्या डोक्यात पळायचं पहिल्यापासून होतं. शाळेच्या अ‍ॅटलासवरून नकाशा केला. सुईला लोहचुंबकाचा गुण देऊन होकायंत्र केलं. रेडक्रॉसच्या पुड्यातलं टिकाऊ खाणं साठवलं. जी-सूट म्हणजे वैमानिक पायापोटाला घालतो तो हवेचा पोशाख, त्याच्या आतल्या रबरी पिशव्या पाण्यासाठी ठेवल्या. पठाणी कपडे केले. कोठडीच्या भिंतीच्या विटा एकेक करून सैल केल्या, भगदाड खाटेमागं झाकलं, आणि निघालेली माती-विटा रेडक्रॉसच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यांत दडवल्या. १२ ऑगस्ट १९७२ च्या रात्री, पाऊस-वाऱ्यात, तिघं बाहेर पडले: पारुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी.

इथं माझं एक म्हणणं आहे, ते पोराच्या भाषणात यावं अशी फार इच्छा आहे. तिघं गेले, पण बाकीचे मागं राहिले. त्यातल्या काहींनी नकाशाला, होकायंत्राला, भिंतीला हात लावला होता. सकाळी मोजणी झाली की आपल्यावर काय येणार हे त्यांना ठाऊक होतं. आलंच. सगळ्यांना उचलून लायलपूरच्या तुरुंगात नेलं. मी जन्मभर दुसऱ्याला विमानात बसवून खाली उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून मला ते मागं राहिलेले जास्त जवळचे वाटतात. त्यांची नावं कुणी घेत नाही. पोरानं निदान एवढं तरी म्हणावं: गेलेले तीन आणि मागं राहिलेले.

ते तिघं बसनं पेशावरला, तिथनं जमरूद, तिथनं खैबर खिंडीतल्या लंडी कोतलला सकाळीच पोचले. अफगाणिस्तानची हद्द तिथनं काहीच मैल. आणि तिथं त्यांनी लंडी खाना कुठं म्हणून विचारलं. तेवढ्यावरनं संशय आला. बांगलादेश झाल्यावर पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक त्याच वाटेनं अफगाणिस्तानात निसटत होते, त्यामुळं परक्या माणसावर नजर होती. तहसीलदाराच्या कारकुनानं अडवलं. यांनी सांगितलं की आम्ही पाकिस्तानी हवाईदलातले ख्रिश्चन, लाहोरहून रजेवर फिरायला आलोय. झडतीत नकाशा आणि बाकीचं सामान निघालं.

आता फोनचं. पोराचा हा प्रश्न सगळ्यात खोल आहे, त्याला माझ्याकडनं शाबासकी द्या. गणवेश नाही, खोटी नावं, जवळ नकाशा, टोळ्यांचा मुलूख. अशा माणसाला तिथल्या तिथं हेर म्हणून संपवलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. आता सुटका नाही हे दिसल्यावर तिघांचा जीव वाचायची एकच वाट होती: आपण पळालेले युद्धकैदी आहोत हे पाकिस्तानी हवाईदलाला कळलं पाहिजे, म्हणजे त्या कराराचं संरक्षण मिळतं. केक आणणारा तो आधीचा छावणीप्रमुख तोवर पाकिस्तानी हवाईदल प्रमुखांचा एडीसी, म्हणजे खास मदतनीस अधिकारी, झाला होता. पारुळकर साहेबांनी त्यालाच फोन लावायला लावला. तो माणुसकीचा होता, त्यानं ओळख दिली, आणि तिघं वाचले. याला मी शरणागती म्हणणार नाही. सोबतचे दोघं जिवंत घरी न्यायचे ही त्या क्षणाची कामगिरी होती, ती त्यांनी पार पाडली.

शिक्षा झाली ती ३० दिवस एकांतवास. तेही करारातनंच आलंय. पळताना सापडलेल्या कैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा, आणि ती एका वेळी ३० दिवसांवर नाही. जगातल्या सगळ्या देशांनी सह्या करून मान्य केलंय की पळायचा प्रयत्न हा कैद्याचा गुन्हा नव्हे. १ डिसेंबर १९७२ ला तिथं उरलेले सगळे वाघ्यावरनं चालत आले.

सगळे म्हटलं खरं, पण सगळे नाहीत. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे, आमच्याच सुखोई-७ चे. शोरकोटला विमान पडलं. तिकडच्या वर्तमानपत्रात पकडलेल्यांच्या यादीत त्यांच्यासारखंच नाव छापून आलं होतं. परत आले नाहीत. पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दीड वर्षच झालं होतं. त्यांनी जन्म शोधात घालवला. २००७ ला कुटुंबीयांना पाकिस्तानातले तुरुंग दाखवले, हाती काही लागलं नाही. "पकडला गेलेला कशाला" म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना एवढंच विचारा, की त्या बाईंना कुणी "पकडलेत, जिवंत आहेत" असं खात्रीनं सांगितलं असतं, तर त्यांच्यासाठी ती केवढी गोष्ट होती.

आणखी एक. आम्ही सांगलीची माणसं. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून किल्ल्याच्या तटावरनं उड्या टाकून पळाले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले. दादांच्या खांद्यात गोळी बसली आणि ते सापडले. सापडले म्हणून दादा हरले असं म्हणणारा माणूस सांगली जिल्ह्यात मला तरी आजवर भेटला नाही.

मिरज_जंक्शन

काकांनी 'लंडी खाना' एका ओळीत सोडलं, म्हणून त्यात भर घालतो. रेल्वेवाल्यांच्या काळजाला हे फार लागतं.

खैबर खिंडीतली रेल्वे १९२५ मध्ये लंडी कोतलपर्यंत सुरू झाली. ३४ बोगदे, ९२ पूल आणि मोऱ्या, आणि चढ इतका की गाडी पुढं-मागं करत, दिशा बदलत वर चढायची. १९२६ मध्ये मार्ग आणखी खाली, सरहद्दीजवळच्या लंडी खानापर्यंत नेला. तो तुकडा १९३२ मध्ये बंद झाला. पुढं लंडी कोतलच शेवटचं स्टेशन राहिलं. म्हणजे आपले वैमानिक तिथं पोचले तेव्हा ते स्टेशन बंद होऊन चाळीस वर्षं झाली होती. नकाशावर मात्र होतं. यांनी नकाशावरचं शेवटचं स्टेशन बघून तिथला रस्ता विचारला, आणि विचारणारा इथला नाही हे समोरच्याला लगेच कळलं.

पोराला आपल्याकडचं उदाहरण द्या. सांगलीत आज कुणी परक्यानं 'स्टेशन चौकात' उतरून गाडीची चौकशी केली तर? तिथं वसंतदादांचं स्मारक आहे, रूळ नाहीत. ब्रॉडगेज झाल्यावर गाड्यांचं स्टेशन दुसरीकडं गेलं आणि नाव चौकाला चिकटून राहिलं. सांगलीकर हसून रस्ता दाखवेल. लंडी कोतलला त्याच चुकीनं तीन माणसं अडकली. यात त्यांच्या हिमतीचा किंवा अकलेचा दोष नाही. सगळी तयारी त्यांनी कोठडीत बसून केली होती, आणि कोठडीत बसून गावकऱ्याला विचारता येत नाही की हे स्टेशन चालू आहे का.

संगम_माहुली (सातारा)

काका, मिरजकर दादा, हे सगळं मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. स्टेशन चौकाच्या उदाहरणावर तो एकदम उठून बसला. "गेलेले तीन आणि मागं राहिलेले" असं त्यानं वहीत मोठ्या अक्षरात लिहिलंय. त्याचं म्हणणं, भाषण भिंतीच्या भगदाडापासून सुरू करावं की विमानापासून? आणि त्या पिना डोळ्यासमोर कशा धरायच्या, ते त्याला हातानं करून दाखवायचंय.

कोरेगावकर

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते आणि मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुतला वेढ्यात सापडले. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. वेढ्यात महिनोन्‌महिने उपासमार झाली होती, घोडी कापून खायची पाळी आली होती. त्यानंतर तुर्कांनी उन्हातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला लावलं. कितीतरी वाटेतच मेले.

आमच्या भागात फौजेचा मान मोठा. जवळच आपशिंग्यात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांच्या नावाचा दगड आहे. पण जो कैद होऊन परत आला त्याच्या नावाचा दगड कुठं नसतो. आजी सांगायची, पणजोबा भाकरीचा तुकडा ताटात टाकला तर उठून बाहेर जायचे, आणि कुठं होता म्हणून विचारलं तर "होतो" एवढंच म्हणायचे. लोक समजायचे की सांगण्यासारखं काही नसणार. मीही बराच काळ तसंच समजत होतो. कुतचं वाचलं तेव्हा मी चाळिशीत होतो. तोवर ज्यांना विचारायचं ते सगळे गेले होते.

ताई, तुमच्या मुलानं चौदाव्या वर्षी विचारलं. त्याला बोलू द्या. शाळेत परवानगी असेल तर मला ऐकायला यायला आवडेल, मागच्या बाकावर बसेन.

फिटर_तासगाव

कोरेगावकर, तुमच्या पणजोबांना माझा सलाम.

ताई, भाषण विमानापासून सुरू करू द्या. भगदाड सगळ्यांना ठाऊक आहे. शिडी, पट्टे, पिना, मग उड्डाण. पासष्टचा खांदा विसरू नये. लंडी कोतल आणि लंडी खाना ही दोन नावं घाईत एकमेकांत मिसळतात, तेवढं चार वेळा म्हणून घ्यायला सांगा. शेवटी कुठंही "तरीही" नको. तरीही ते शूर होते, असं म्हणायचं नाही.

पिनांचं लिहून कळणार नाही. रविवारी साताऱ्याहून सांगली गाडी धरा आणि तिथनं तासगाव. स्टँडवर मी येतो घ्यायला. घरी दोऱ्या आहेत, लाल कापड आहे, लाकडी खुर्ची आहे. त्याला खुर्चीत बसवून पट्टे मी आवळीन, पिना त्याच्यासमोर धरीन, आणि मोजायच्या त्यानं.